वाटाण्याएवढं मलम

११ मार्च, बुधवार

नाही, मी तिचा फोन काढून घेतलेला नाही. तू विचारलं नाहीस आणि विचारणारही नाहीस, कारण माझा नंबर तू तीन वर्षं बंद करून ठेवलायस. पण तुझ्या डोक्यात काय चालू असेल ते मला इथे बसून कळतं. नऊ दिवस पोर आईचा फोन उचलत नाही, म्हणजे म्हातारीने काहीतरी केलं. म्हातारीने काही केलेलं नाही. फोन तिच्या उशाशी असतो. वाजतो, ती बघते, पालथा घालते.

कारण अगदी साधं आहे. तिच्या तोंडावर पुटकुळ्या आल्यात आणि तू तो तोंड दिसणारा फोन करतेस. साधा कर, उचलेल.

सतराव्या वर्षी सगळ्यांनाच येतात. तुलाही आल्या होत्या. कपाळभर. तू केस पुढे घेऊन हिंडायचीस आणि मी तुला म्हणायचे, घोड्यासारखी दिसतेस. गेल्या ना आपोआप? पण भिंगरीला धीर नाही. (ती अजून भिंगरीच आहे, एका जागी बसत नाही. बसत नव्हती.) आई तीन वर्षांनी बघणार, मला असं तोंड घेऊन जायचं नाही, म्हणून रडून रडून तिने मला कातडीच्या डॉक्टरणीकडे नेलं. तीन आठवडे झाले त्याला. डॉक्टरणीने एक ट्यूब लिहून दिली. पोर लावते आहे. सध्या जरा लाल झालंय, सुटेल. काल म्हणत होती आग होते. औषध आहे, दही नाही. होणारच आग.

तुझ्या कागदांचं मला माहीत आहे. तुझ्याकडे परदेशात राहायचा परवाना देणाऱ्या कचेरीचं पत्र इथेच आलं. १८ तारखेला फोटो आणि बोटांचे ठसे. १४ एप्रिलला ती अठरा पूर्ण करते, त्याच्या आत फोटो झाला तर तुझं लहान मूल म्हणून तुझ्याकडे येईल, नाहीतर अर्ज रद्द आणि मग तिने स्वतःच्या जिवावर काय ते बघायचं. सगळं वाचलंय मी. मी मधे येणार नाही. एकदा आले होते तेवढं पुरे. तू तिला न्यायला दुकानाबाहेर उभी होतीस आणि मी शटर खाली ओढलं, ते मी विसरलेले नाही, तूही विसरणार नाहीस. त्यावर पुन्हा बोलायचं नाही.

धंदा ठीक. गुडघा तसाच. नवं वॉशिंग मशीन आवाज करतं.

आई


१९ मार्च, गुरुवार

काल फोटो झाला नाही. आधीच सांगते म्हणजे तू पुढचं शांतपणे वाचशील, किंवा वाचणार नाहीस.

सकाळी ती तयार झाली होती. निळा सदरा मी स्वतः इस्त्री केला होता, कॉलर अशी की बोट कापेल. आपली मागची खोली तुला माहीत आहे, बाहेर पडायला दुसरी वाट नाही, दुकानातूनच जावं लागतं. काउंटरवर तीन गिऱ्हाइकं. पोर पडदा बाजूला करून दोन पावलं आली, आणि ती पडदे धुवायला टाकणारी बाई, जिचं तोंड कधी मिटत नाही, ती म्हणाली, ‘‘अगं बाई! भाजलं का गं तुला? वाफेने का?’’

भिंगरी उलटी फिरली. आतून कडी. मी दार वाजवलं, कडकनी वाजवलं. (कडक म्हणजे आपले इस्त्रीवाले. तू गेल्यावर आले. स्टार्च जास्त घालतात म्हणून सगळा बाजार त्यांना कडक म्हणतो, माणूस मऊ आहे.) ते म्हणाले, ‘‘पोरी, फोटो काढणाऱ्याला तुझ्या तोंडाशी काय करायचंय? तो दिवसाला दोनशे तोंडं बघतो.’’ आतून आवाज आला, ‘‘मला माझ्या तोंडाशी करायचंय.’’ बारा वाजेपर्यंत कचेरीची वेळ होती. बारा वाजले.

मी कचेरीत फोन लावला. तासभर गाणं ऐकवलं त्यांनी. शेवटी एक बाई म्हणाली, एकदाच तारीख बदलून मिळते, ९ एप्रिल, त्यानंतर नाही. मी ९ एप्रिल घेतली. तू म्हणशील मला ती घ्यायची नव्हती. घेतली ना?

आता तोंडाचं. लपवून काय उपयोग, सांगते. गालावरची कातडी सुटते आहे, कागदाचे पापुद्रे सुटावेत तशी. नाकाच्या दोन्ही बाजूंना चिरा. ओठांच्या कोपऱ्यात भेगा, तोंड उघडून जेवता येत नाही तिला, पातळ काहीतरी पिते. हनुवटी लालबुंद. पुटकुळ्या आहेत तशाच, वर अजून चार नव्या. डोळ्यांच्या खाली सूज होती, ती उतरली.

झालं कसं, तर पहिल्या आठवड्यात तिने मला विचारलं, ‘‘आजी, काहीच फरक नाही. जास्त लावू का?’’ मी काउंटरवर एका कोटाच्या बाहीवरचा शाईचा डाग काढत होते. मी म्हणाले, डागाला एक हात पुरत नाही. दोन हात द्यायचे, मधे मुरू द्यायचं, मग घासायचं. चाळीस वर्षं मी हेच करते आहे आणि माझ्या हातून डाग गेला नाही असा कपडा दाखव. तिने ते ऐकलं. दोन हात द्यायला लागली, रात्री एक, सकाळी एक. वर खरखरीत टॉवेलाने घासणं. वर लिंबू, ते तिचं स्वतःचं डोकं, मैत्रिणीने सांगितलेलं. आणि दुपारी तशीच गच्चीवर चादरी वाळत घालायला, डोक्यावर ऊन.

तिच्या फोनमध्ये बायका सांगतात की सोललं म्हणजे खालून नवी कातडी येते. म्हणजे मी एकटी मूर्ख नाही.

डॉक्टरणीने काय ते तोंडी सांगितलं असेल, ती बोलत होती तेव्हा मी घड्याळ बघत होते, दुकान बंद ठेवून गेले होते मी. लिहून काही दिलं नाही. खोक्यात एक घडीचा कागद होता, मुंगीएवढी अक्षरं, तो खोक्याबरोबर गेला.

उतरेल. मलम थांबवलंय म्हणते. थांबवलं असेल.

आई


२९ मार्च, रविवार

कडकच्या फोनवर तुझा निरोप आला. त्यांनी मोठ्याने वाचला, दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, त्यांना अक्कल नाही. ‘‘आईला सांगा, तिला डॉक्टरकडे ने. आजच. मी भांडत नाहीये.’’ तू भांडत नाहीस हे वाचून मला जास्त भीती वाटली.

तरी मी दोन दिवस काढले. गुडघा, शिवाय हॉटेलच्या चादरींचा ढीग. मग परवा कडक उशीचे अभ्रे घेऊन माझ्यासमोर आले. आपले ते गडद निळे. एकेकावर पांढुरके डाग, रुपयाएवढे, तळहाताएवढे, कडा पिवळट. मला म्हणाले, ‘‘मावशी, ब्लीचच्या कॅनला हात कुणी लावला? माझ्यावर येईल हे.’’

ब्लीच नव्हतं ते. ब्लीचचा डाग कडेला असा विरत नाही, मला हात न लावता कळतं. ते मलम होतं. त्या मलमाने रंग जातो कपड्याचा. मी अभ्रे तारखेप्रमाणे लावले, धुलाईच्या चिठ्ठ्या असतातच प्रत्येकाला. पहिल्या आठवड्यात पैशाएवढे ठिपके. दुसऱ्यात गाल उमटलेला. आणि शेवटचा अभ्रा, मलम थांबवलंय म्हणाली त्यानंतरचा, अख्खा पांढरा. थांबवलं नव्हतं. नऊ तारीख जवळ येतेय म्हणून तीन-तीन हात देत होती, कडी लावून, एकटी.

कडकना मी म्हणाले, ब्लीच नाही. त्यांनी अभ्रा उजेडाला धरला. मग म्हणाले, ‘‘मावशी, तुम्ही पोरीला भिजत घातलंय.’’ पंधरा वर्षांनी लहान आहेत माझ्याहून. मी त्यांना म्हणाले, आपली इस्त्री बघा, जळतेय.

काल नेलं. पडद्यांच्या गाठोड्यामागून, डोक्यावरून माझी शाल, ती पुढे मी मागे. रिक्षात माझ्याकडे पाठ करून बसली.

डॉक्टरीण तुझ्याच वयाची. हात धुतले, दिव्याखाली तोंड धरलं. मग भिंगरीला विचारते, ‘‘पाळी वेळेवर येते? गरोदर असायची काही शक्यता?’’ मी उठलेच खुर्चीवरून. म्हणाले, बाई, चेहऱ्याचं बघायला आलोय आपण. ती म्हणाली, ‘‘आजी, बसा. हे औषध गरोदरपणात द्यायचं नसतं, मी सगळ्यांना विचारते. पहिल्यांदा आलात तेव्हाही विचारलं होतं.’’ विचारलं होतं? मी घड्याळ बघत होते. भिंगरी म्हणाली, ‘‘नाही हो डॉक्टर,’’ आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा जरा हसली, ओठ फाटला, रक्त आलं.

मग डॉक्टरीण म्हणाली, ‘‘मी सगळं लिहिलेला कागद दिला होता ना? मराठीत, मोठ्या अक्षरात?’’

आता ऐक. मागच्या पत्रात मी लिहिलं की लिहून काही दिलं नाही. दिलं होतं. छान जाड गुळगुळीत कागद होता, एका बाजूने कोरा. त्या दिवशी दुकानात आले तर बँकेतल्या साहेबांचा शर्ट घडी करायचा होता आणि आतला पुठ्ठा संपला होता. मी तोच कागद दुमडून कॉलरखाली सरकवला, पिशवीत घातला, शर्ट गेला. तो शर्टाबरोबर गेला. इतकंच. माझ्या हाताला कागद दिसला की तो शर्टात जातो, ह्यात मुद्दाम काही नाही.

डॉक्टरणीला मी म्हणाले, हरवला. भिंगरीने माझ्याकडे बघितलं.

मलम बंद, कातडी शांत होईपर्यंत. साधं मॉइश्चरायझर, दिवसातून चार वेळा, आणि साध्या पाण्याने तोंड धुवायचं. घासायचं नाही, टिपायचं. लिंबू दाखवलं तरी ओरडेन म्हणाली. चिरा भरल्या की मग मलम पुन्हा, तीन दिवसांतून एकदा, तिने सांगितल्यावरच. डाग राहतील का विचारलं पोरीने. ‘‘उन्हापासून जपलंस तर बहुतेक नाही.’’ बहुतेक म्हणाली. खोटं बोलली नाही हे मला आवडलं, पोरीला नाही आवडलं.

नऊ तारखेला अकरा दिवस आहेत.

आई


३१ मार्च, मंगळवार

हे पत्र मी दोनदा फाडलं. आता नीट लिहिते, भरभर.

तुला आपला दुकानाचा नियम माहीत आहे. बाहेरून आत आलेली कुठलीही वस्तू, गिऱ्हाइकाच्या खिशातलं पेन असो, बटण असो, तिच्यावर किंवा तिच्या चिठ्ठीवर तारखेचा शिक्का. म्हणजे कोणी चोर म्हणायला नको. कडक तर इतके इमानी की देवाने पाठवलेल्या वस्तूवरही मारतील.

काल भिंगरी माझ्या काउंटरच्या ड्रॉवरमध्ये सुई शोधत होती. सोमवार, दुकान अर्धा दिवस बंद, म्हणून खोलीबाहेर आली होती. मी खुर्चीवर, कडक टेबलापाशी. तिने ड्रॉवर उघडला तो पुन्हा बंद झाल्याचा आवाज आला नाही. मी मान वर केली. तिच्या हातात तो कागद.

साहेबांनी परत आणून दिला होता. त्यांच्या कॉलरमधून निघाला, म्हणाले, औषधाचा दिसतोय, कुणाला तरी लागेल. चांगला माणूस. कडकनी शिक्का मारला आणि माझ्यासमोर ठेवला.

‘‘आजी, हा दहा मार्चचा शिक्का आहे.’’

मी म्हणाले, ‘‘शिक्का कडक मारतात, त्यांना विचार.’’

‘‘मावशी,’’ कडक इस्त्री उभी करून म्हणाले, ‘‘मला ह्यात घालू नका. मी दहा तारखेला मारला. तुम्ही चष्मा लावून वाचलात. दोनदा वाचलात, मी बघितलं. मला वाटलं पोरीला दिलात.’’

भिंगरी ओरडली नाही. तू ओरडली असतीस. ती कागद वाचत होती, उभ्या उभ्या, ओठ हलवत. मग म्हणाली, ‘‘वाटाण्याएवढं लिहिलंय. अख्ख्या तोंडाला मिळून वाटाण्याएवढं.’’ मग खालची ओळ. ‘‘पहिले काही आठवडे एक दिवसाआड.’’ मग अजून खालची. ‘‘जास्त आग झाली तर धुऊन टाका आणि डॉक्टरांना विचारा.’’

मी म्हणाले, ठेव ते, सुई दुसऱ्या खणात आहे.

‘‘दहा तारखेला रात्री मी तुझ्याकडे आले होते,’’ ती म्हणाली. ‘‘मी म्हटलं, आजी, आग होतेय गं, पुसू का? कागद तेव्हा ह्याच ड्रॉवरमध्ये होता. तू काय म्हणालीस?’’

मी सुईचा खण उघडून दिला.

‘‘काय म्हणालीस आजी?’’

‘‘मुरू दे म्हणाले.’’

कडकनी इस्त्रीचं बटण बंद केलं, डबा उचलला आणि निघून गेले. अर्धा दिवस अजून व्हायचा होता. त्यांनी कधी असं केलं नव्हतं.

पोर आत गेली. कडी लावली नाही. मला वाटलं कडी लावली असती तर बरं झालं असतं, दार वाजवायला तरी काही राहिलं असतं. उघड्या दारातून मला तिची पाठ दिसते, आणि मी आत जाऊ शकत नाही. माझ्याच दुकानात मला हालायला जागा नाही. पुढे काउंटर, मागे ती.

तुला हे मी का लिहिते आहे? कारण ती तुला सांगणारच. माझ्याकडून आधी कळू दे.

आई


१० एप्रिल, शुक्रवार

फोटो झाला. ठसेही झाले. आधी तेच.

ती एकटी गेली. मी चपला घालून उभी होते, ती म्हणाली, ‘‘तू दुकान बघ.’’ पडद्यांची बाई होतीच काउंटरवर, तिच्या नशिबात असतं ते. तिने तोंड उघडलं. भिंगरी थांबली आणि तिला म्हणाली, ‘‘मलम जास्त लावलं. सोललंय. अजून काही विचारायचंय का?’’ बाई म्हणाली, नाही गं, बरी दिसतेस. बरी काही दिसत नव्हती. चिरा भरल्यात, पण गाल अजून ठिगळ लावल्यासारखे, काही लाल, काही नवे गुलाबी. तोंडाला उन्हाचं क्रीम पांढरंफट्ट चोपडलेलं, डोक्याला मोठ्या काठाची टोपी. दुकानातून सरळ चालत गेली, रांगेतून, मान वर. मी मोजत होते किती पावलं. अकरा.

कचेरीत काय झालं ते तिने कडकना सांगितलं. (ते त्या सोमवारी निघून गेले होते ना, दुसऱ्याच दिवशी परत आले, स्टार्च दुप्पट घातला.) मला सांगितलं नाही, मी टांगलेल्या कोटांच्या मागून ऐकलं. माणूस म्हणाला, टोपी काढा. तिने काढली. म्हणाला, हनुवटी वर. खटकन झालं. तिने विचारलं, पुन्हा काढता का, फार वाईट आलाय? तो म्हणाला, ‘‘तोंड तुमचंच आहे ना? मग पुढचे.’’ ती आणि कडक दोघं हसत होते. मी कोटांच्या बाह्या नीट करत होते.

आता कामाचं. पोर तुझ्याकडे येईल तेव्हा ट्यूब तिच्याबरोबर असेल, डॉक्टरणीने मंगळवारपासून पुन्हा सुरू केली. तुला माहीत असायला हवं, म्हणून कागदावरून उतरवून घेतलंय, कागद तिच्याकडे आहे, ती आंघोळीला गेली तेव्हा उतरवला. माझं अक्षर लागेल तुला.

संध्याकाळी, साध्या साबणाने तोंड धुवायचं, टिपायचं, कोरडं होईपर्यंत थांबायचं. ओल्या कातडीवर जास्त चावतं. वाटाण्याएवढं बोटावर, कपाळ, हनुवटी, दोन्ही गाल, असे ठिपके ठेवून पातळ पसरायचं. नुसत्या पुटकुळीवर नाही, सगळ्या भागावर. डोळे, ओठ, नाकाचे कोपरे आणि कापलं-खरचटलं असेल ती जागा सोडायची. मग हात धुवायचे. वरून मॉइश्चरायझर. सध्या तीन दिवसांतून एकदा, सोसलं की एक दिवसाआड, मग रोज. एक दिवस चुकला तर चुकला, दुसऱ्या दिवशी दुप्पट नाही. सकाळी उन्हाचं क्रीम, ढग असले तरी. लिंबू, टूथपेस्ट, खरखरीत काही, मैत्रिणीचं मलम, काही नाही. तिची ट्यूबही दुसऱ्या कुणाला द्यायची नाही, तुलाही नाही. पहिल्या आठवड्यांत पुटकुळ्या वाढल्यासारख्या दिसतात, थोडं कोरडं पडतं, घाबरायचं नाही. आठ ते बारा आठवडे लागतात फरक दिसायला, लिहिलंय तसं. बारा आठवडे! चार आठवड्यांत आम्ही घर जाळून ठेवलं.

पण तोंड, पापण्या सुजल्या, फोड आले, श्वासाला त्रास झाला तर लगेच बंद आणि सरळ दवाखाना. आणि पुढे कधी लग्न झालं, मूल हवं असलं, तर आधी डॉक्टरला विचारायचं. हे मी वाचताना आता उठले नाही खुर्चीवरून.

अभ्रे पांढरे वापर. टॉवेलही पांढरे. रंगीत काही वाचणार नाही.

आई


३ मे, रविवार

तीन वर्षांत तुझं पहिलं पत्र, पाकिटावर माझं नाव तुझ्या अक्षरात. मी हात पुसून उघडलं. आत एक ओळ. ‘‘तू मुद्दाम केलंस का?’’

पोर काल गेली. परवाना आला तेव्हाच तुला कळलं असेल. बॅग तिने भरली. कपड्यांच्या घड्या मी घातल्या, तिने घालू दिल्या. शर्टाच्या कॉलरमध्ये पुठ्ठे घातले, कोरे, दोन्ही बाजू बघून. तिने बघितलं की मी बघते आहे. 

गालांवरचा लालपणा बराच उतरलाय. हनुवटीच्या उजव्या बाजूला एक काळसर ठिपका राहिलाय, डॉक्टरीण म्हणते जाईल, वेळ लागेल. तुझ्या दारात उभी राहील तेव्हा तुला तो दिसेल. तिला त्याबद्दल काही म्हणू नकोस. फोनवर म्हणालीस ते पुरे, ‘‘तुझ्या वयात माझं कपाळ बघायला हवं होतंस.’’ ते ऐकून ती अर्धा तास हसत होती. मी सांगितलं असतं तर तिला पटलं नसतं.

स्टँडवर मी गेले होते. तिने येऊ दिलं. विमानतळाची बस सुटायला वेळ होता, बाकावर बसलो. मी तिला म्हणाले, पाणी घेतलंस का, टोपी घेतलीस का, ट्यूब हातातल्या बॅगेत ठेवलीस का, उन्हात ठेवू नकोस. ती हो म्हणाली प्रत्येकाला. मग बस आली. मग ती मला काहीतरी म्हणाली आणि मी तिला काहीतरी म्हणाले. ते आमचं आहे.

घरी आले. कडकनी माझ्या वाटणीचं काउंटर सांभाळलं होतं. म्हणाले, ‘‘मावशी, आज लवकर बंद करू.’’ मी म्हणाले, कशाला? कोण मेलंय? मागची खोली आवरली. निळे अभ्रे सगळे काढले. फेकले नाहीत, फरशी पुसायला होतील.

आता तुझी ओळ. तीन वर्षं बोलली नाहीस आणि बोललीस ते एवढंच.

पोरीने विचारल्यावर मी तिला म्हणाले दोन हात दे, ते मला कळत नव्हतं म्हणून. ते खरं आहे. कागद शर्टात घातला, ते मला पुठ्ठा हवा होता म्हणून. तेही खरं. दहा तारखेला कागद परत आला, मी चष्मा लावून वाचला, कळला, आणि ड्रॉवर बंद केला. वीस दिवस बंद ठेवला. त्या वीस दिवसांत ती रोज विचारायची, आजी, फोटोपर्यंत बरं होईल का गं, आणि मी म्हणायचे, बघू. तुझ्याकडे जायला ती खोलीतून बाहेर पडली नसती तर ती माझ्याकडे राहिली असती. हा हिशोब सोपा आहे, तू केलेलाच असशील.

हे सगळं लिहून दिलं. आता का केलं, मनात काय होतं, झोप लागत होती का, लाज वाटत होती का, हे विचारू नकोस. पत्रातून नाही, कडकच्या फोनवरून नाही, पोरीच्या तोंडून नाही. मी सांगणार नाही. तुला नाही, कुणालाच नाही.

आई